तूप प्यायलेला पाना

आमच्या दाजींनी एकदा आवळलेली वस्तू दुसऱ्या कुणी उघडली, असं नगर जिल्ह्यात अजून तरी कुणाच्या ऐकिवात नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. राहुरीकडच्या एका साखर कारखान्यात ट्रक-ट्रॅक्टर दुरुस्तीची मोठी शेड होती, तिथले ते हेडमिस्त्री. दिवसभर ट्रकची चाकं आवळायची आणि घरी आल्यावर हाताला चैन पडत नाही म्हणून घरात जे जे फिरतं असेल ते आवळायचं, असा त्यांचा दिनक्रम. रॉकेलच्या डब्याचं बूच त्यांनी लावलं, की दुसऱ्या दिवशी आक्का तो डबा कमरेवर घेऊन शेडपर्यंत चालत यायची आणि उघडून परत न्यायची. प्रवासाला निघताना फिरकीचा तांब्याही तेच बंद करायचे. एकदा शिर्डीला जाताना पोरं तहानेनं रडायला लागली, तेव्हा गाडीतल्या चार धट्ट्याकट्ट्या गड्यांनी आळीपाळीनं तो तांब्या मांडीत धरून पिळला, एकानं उपरण्यात गुंडाळून पिळला, शेवटी कंडक्टरनंही तिकिटांची पेटी बाजूला ठेवून हात लावून बघितला. दाजी खिडकीबाहेरचा ऊस बघत होते. शिर्डी आल्यावर त्यांनी तांब्या हातात घेतला, दोन बोटांनी उघडला आणि विचारलं, "सांडला का एक तरी थेंब?"

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, हे मी कधी लपवलेलं नाही आणि आजही लपवत नाही. नगरहून बी.ए.चा निकाल घेऊन आलो तेव्हा वडलांनी सागवानी फळीवर माझं नाव आणि पुढं बी.ए. असं पांढऱ्या रंगात लिहून घेतलं. ती पाटी दाराला बसवायचा मान जावयाचा. दाजींनी तिला ट्रकच्या बॉडीला लावतात तसले दोन बोल्ट लावले, वायसर घातले आणि शेवटचा वळसा असा दिला, की फळी मधोमध चिरली. नाव एकीकडं आणि बी.ए. एकीकडं. जावयाला कोण बोलणार? दाजी दोन पावलं मागं सरले, मान तिरकी करून पाटीकडं बघितलं आणि म्हणाले, "चोर आला तर नाव नेईल, पन बी.ए. नेनार न्हाई." त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारायची सोडली. मी नुसता 'बी.ए.' झालो.

पुढं त्याच शेडला स्टोअरकीपर म्हणून मी नोकरीला लागलो. पहिल्या दिवशी दाजींनी माझ्या हातात लांबलचक पाना दिला आणि एका ट्रकच्या डाव्या चाकाचा नट खोलायला सांगितला. मी जोर लावला, मग दोन्ही पाय चाकावर टेकवून लोंबकळलो, शर्ट पाठीत टरकला. दाजींनी मला चहा पाजला, बिस्कीट दिलं, घाम पुसायला स्वतःचा गमछा दिला आणि मग सावकाश सांगितलं, की डाव्या चाकाचे आटे उलटे असतात. मी गेला अर्धा तास तो नट आवळत होतो. तो नट पुढं त्यांनाही दोन माणसं घेऊन खोलावा लागला, आणि एवढं होऊनही ते माझ्यावर खूशच होते. त्यांच्या मते बी.ए. झालेल्या हातात इतकी ताकद उरत नसते.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. घरात दाजींचा हात मोकाट असला तरी गाडीवर तो कधी चुकला नाही. चाकाचा नट असा बसला पाहिजे, की तो वाटेत सुटता कामा नये, आणि पंक्चर झालं तर ड्रायव्हरला रस्त्यावर एकट्याला खोलताही आला पाहिजे. या दोहोंच्या मधली जागा बोटभर असते आणि ती दाजींना सापडलेली होती. दुसऱ्यांना ती सापडली असेल यावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. त्यामुळं कुठल्याही गाडीत चढण्याआधी ते तिला प्रदक्षिणा घालायचे आणि प्रत्येक चाकाच्या प्रत्येक नटाला बोट लावून बघायचे. आमच्या चुलतभावाच्या लग्नाला जाताना सगळं वऱ्हाड गाडीत बसलं, नवरदेवाच्या मुंडावळ्या घामानं चिकटल्या, भटजी तिकडं मुहूर्तासाठी ताटकळले, आणि दाजी मागच्या चाकापाशी उकिडवे बसून नट मोजत होते. नवऱ्याच्या बापानं डोकं बाहेर काढून विचारलं, तर म्हणाले, "मुहूर्त चुकला तर दुसरा निघतो. चाक निघालं तर?"

दाजींचे वडील बैलांचे मोठे शौकीन. घोडेगावच्या बाजारात त्यांनी पारखलेला बैल लोक डोळे झाकून घ्यायचे म्हणे. ती पारख दाजींच्या हाती आली, पण बैलांच्या ऐवजी लोखंड आलं. भिंतीवर टांगलेला प्रत्येक पाना त्यांना स्वभावानिशी ठाऊक होता. बावीसचा पाना मारका, सतराचा आळशी, आणि बत्तीसचा जो होता तो म्हणे परक्या हाताला अंग चोरायचा. मी स्टोअरच्या वहीत पान्यांना नंबर दिले तेव्हा ते तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तर एकाहत्तर सालच्या पोळ्यानंतरची गोष्ट. एका रविवारी मी आक्काकडं जेवायला गेलो, तर ती चुलीपुढं बसलेली. तिनं फडताळातून फिरकीचा तांब्या काढला, माझ्यासमोर धरला आणि एका हातानं सहज उघडला. "चार दिस झालं, माझ्या हातानंबी उघडायला लागलाय," ती म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला. मग एकेक कळत गेलं. पोळ्याच्या सुमाराला एक गिअरबॉक्स उतरवताना दाजींचा उजवा खांदा दुखावला होता. हात छातीच्या वर जात नव्हता. सकाळी शर्टाची बाही आक्का चढवायची. शेडमध्ये ते कुणाला कळू देत नव्हते, कारण गळीत हंगामाच्या तोंडावर नवे साहेब आले होते आणि ज्यांच्यानं जड काम होत नाही त्या माणसांची यादी ते करत होते. त्या यादीत नाव गेलं, की टोकन खोलीत बसायचं आणि ऊसगाड्यांना पत्र्याची टोकनं द्यायची. पगार तोच, सावली वर, पंखा वर. पण दाजींच्या लेखी टोकन खोली म्हणजे जित्या माणसाला मसणवटा दाखवणं होतं. "त्यांना तिथं बसवलं तर ते दोन महिने जगायचे न्हाईत," आक्का म्हणाली, "आन मी तुला सांगितलं असं त्यांना कळलं, तर मी चारच दिस."

योगायोग असा, की त्याच आठवड्यात साहेबांनी हवेचा पाना घ्यायचं ठरवलं. कंप्रेसरची नळी जोडायची, घोडा दाबायचा, आणि माणसाला घाम फोडणारा नट घर्रर्र करून डोळ्यादेखत सुटायचा, असं ते यंत्र. पुण्याहून टेरिलीनचा शर्ट आणि गळ्यात टाय घातलेला एक विक्रेता तीन नमुने घेऊन आला. थोरला, मधला आणि धाकटा. मी इंग्रजी पुस्तिका उघडली, तिन्हींच्या ताकदीचे आकडे बघितले आणि छाती पुढं काढून सांगितलं, की थोरला घ्यावा. सगळ्यात ताकदवान तोच आहे. दाजींनी पुस्तिकेकडं बघितलंही नाही. ते चारचौघांत या यंत्राला नावं ठेवत होते, 'वाऱ्यावरचा गडी' म्हणून थट्टा करत होते, आणि एकीकडं तिन्ही नमुन्यांभोवती फिरत होते. हा माणूस मनातून या यंत्राचा धावा करतोय, हे त्या शेडमध्ये फक्त मला ठाऊक होतं.

त्यांनी विक्रेत्याला सांगितलं, की जनावरं आठ दिवस आमच्या दावणीला ठेवा. त्या बिचाऱ्याला वाटलं, गावात गुरं विकायची आहेत. मग दाजींनी जुवाला जुंपावं तसं एकेकाला ट्रकला लावलं. थोरल्यानं पहिला नट गर्जना करून सोडवला, दुसरा सोडवला, तिसऱ्याला त्याला दम लागला, आणि चौथ्याला नुसता फुसफुसला. आमचा कंप्रेसर जुना, टाकी लहान. एवढ्या धुडाला पुरेल इतकी हवा तो आणणार कुठून? विक्रेता म्हणाला, कंप्रेसर मोठा घ्यावा लागेल. "म्हंजी बैल घ्यायचा आन त्याच्यापायी गोठाबी पाडून बांधायचा," दाजी म्हणाले. मग मला बाजूला घेऊन शिकवलं, की पोटभर खाल्ल्यावर कुणाचाही बैल चालतो. अर्ध्या पोटी कसा चालतो ते बघून घ्यावा. धाकटा हलका होता, दाजींच्या डाव्या हातातही सहज मावत होता. त्याच्याकडं ते फार मायेनं बघत होते. पण ट्रकच्या नटावर तो नुसता कडकड दात वाजवायचा. नट जागचा हलायचा नाही. दाजींनी त्याला गोंजारून परत खोक्यात ठेवला. मधला मात्र आमच्या अर्धपोटी हवेवर आठच्या आठ नट सोडवून उभा राहिला. माझी पुस्तिका मी मिटली. साहेब शेवटचं ठरवेपर्यंत मधला आमच्याकडंच ठेवायला विक्रेता कबूल झाला.

माझी दुसरी चूक गोट्यांची. नटावर बसवायची ती गोटी विक्रेत्याकडं दोन तऱ्हेची होती. एक काळी, जाड, ओबडधोबड, आणि दुसरी आरशासारखी चकचकीत. मी चकचकीत निवडली. हवेच्या पान्याचे तडाखे तिला सोसेनात. दुसऱ्या दिवशी ती उभी चिरली, तिचा तुकडा उडून पत्र्यावर ठणकन आपटला आणि विक्रेता टायसकट ट्रकखाली गेला. दाजींनी तुकडा उचलून माझ्या हातावर ठेवला. "बी.ए., ह्या गोट्या काय वरातीत मिरवायच्या हुत्या?" तेवढंच. काळ्या गोट्या मी त्याच दिवशी घेतल्या.

तिसरी चूक मात्र सगळ्यांची मिळून. हवेच्या पान्यानं नट पार शेवटपर्यंत आवळले, ट्रक निघाला आणि वांबोरीच्या पुढं पंक्चर झाला. ड्रायव्हर आपल्या पान्यावर उभा राहून नाचला तरी एक नट ढिम्म हलला नाही. तो सहा मैल चालत आला आणि दाजींना वाट्टेल ते बोलला. जगात आपल्यापेक्षाही घट्ट आवळणारं कुणी आहे, हे कळल्यावर दाजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. दिवसभर ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कायदा केला, की नट आधी बोटांनी चार वळसे बसवायचा, हवेच्या पान्यानं तो नुसता टेकवायचा, आणि शेवटची ओढ हातानंच द्यायची. विक्रेता म्हणाला, अगदी बरोबर, आमच्या पुस्तिकेतही हेच आहे. मी पान उलटून बघितलं; होतं.

कायदा बरोबर होता, पण त्यात दाजी स्वतःच सापडले. कारण शेवटची ओढच त्यांच्यानं होत नव्हती. बाकीचं त्यांनी निभावलं. मधल्या पान्याचं वजन खांद्यावर येऊ नये म्हणून त्यांनी तो छताच्या तुळईला जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्यांनी टांगला. वर-खाली ओढला तर लहान लेकराच्या पाळण्यासारखा झुलायचा. का टांगला म्हणून कुणी विचारलं तर सांगायचे, खाली ठेवला की उंदीर तेल चाटतात. ओढायची वेळ आली, की त्यांना एकदम डिझेल बघायला जायचं आठवायचं, नाहीतर ते मला स्टोअरमधून हाका मारून बोलवायचे आणि 'बी.ए.ला काम शिकवायचंय' म्हणून पाना माझ्या हातात द्यायचे. पंधरा-वीस दिवसांत माझ्या तळहातांना घट्टे पडले. मी कधी कारण विचारलं नाही, त्यावरून मला ठाऊक आहे हे त्यांनी ओळखलं असावं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः येऊन यंत्राचं काम बघणार आणि त्याच वेळी हेडमिस्त्रींचंही, असं शेवटी ठरलं. आक्कानं शनिवार धरले.

खंडेनवमीला शेडमध्ये हत्यारांची पूजा असते. मधल्या पान्याला दाजींनी मधोमध बसवलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. विक्रेत्यानं बजावलं होतं, की रोज सकाळी नळी जोडण्याआधी याच्या तोंडात दोन थेंब तेल सोडायचं. दाजी ते नेमानं करत. पण त्या दिवशी तेलाची बुधली हातात घेऊन ते थबकले. पोळ्याला आपण बैलाला रोजचाच कडबा घालतो का? त्यांनी घरून आक्काच्या हातच्या तुपाची वाटी मागवली, कोमट केली, आणि हवेच्या पान्याला सणाचं म्हणून दोन चमचे साजूक तूप पाजलं. शेजारी मी उभा होतो. बी.ए. होतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मी हात जोडले.

दसऱ्याची सुट्टी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले, हातात घड्याळ, मागं सगळी शेड. दाजींनी पाना पाळण्यातून खाली ओढला, नटावर बसवला, घोडा दाबला. पाना नुसता 'हं' म्हणाला. परत दाबला, परत 'हं'. दोन थंड सकाळींत आतलं तूप थिजून बसलं होतं. साहेबांनी यंत्र हातात घेतलं, त्याचं तोंड नाकाजवळ नेलं आणि बराच वेळ वास घेत उभे राहिले.

"मिस्त्री, हे तूप आहे?"

"घरचं हाय साहेब. म्हशीचं."

कुणी हसलं नाही. हसायची छाती कुणाची होती? साहेबांनी पाना माझ्याकडं दिला, रॉकेलनं धुवायला सांगितलं, आणि घड्याळाकडं बघत म्हणाले, की तोवर मिस्त्रींनी एक चाक हातानं बसवून दाखवावं. जुन्या पद्धतीला किती वेळ लागतो तेही कळेल. मी रॉकेलच्या डब्यात हात घातला होता तो तसाच राहिला. दाजी चाकापाशी गेले. आठ नट बोटांनी बसवले, भराभर, डाव्या हातानं. मग लांब पाना नटावर चढवला आणि दांडीवर उजवा हात नुसता ठेवला. मला त्यांच्या मानेवरची शीर दिसत होती. आता हात ओढणार, खांदा ओरडणार आणि सगळ्या शेडदेखत यादीत नाव जाणार.

दाजी वळले. चेहऱ्यावर ते फिरकीच्या तांब्यावेळचं हसू.

"साहेब, वढायला कुनीबी वढतंय. बास कवा म्हनायचं, त्येला मिस्त्री लागतो. तुमी वढा, मी बास म्हनतो."

एवढ्या मोठ्या साहेबाला नट ओढायला सांगणारा माणूस त्या शेडनं तोवर बघितला नव्हता. साहेबांनी क्षणभर दाजींकडं बघितलं. मग घड्याळ काढून माझ्या रॉकेलच्या हातात दिलं, बाह्या वर केल्या आणि पाना धरला. दाजी शेजारी उकिडवे बसले, दोन बोटं चाकावर टेकवून. "वढा... वढा... आजून इवलुसं... बास." दुसरा नट. "साहेब, पाठीनं न्हाई, कमरेनं वढा... बास." पाचव्या नटाला साहेबांचा शर्ट भिजला होता आणि चेहरा असा खुलला होता, की कॉलेज सुटल्यापासून त्यांच्या हाती कुणी पाना दिला नसावा. आठव्या नटाला त्यांनी दाजींच्या आधीच हात थांबवला आणि विचारलं, "बास?" दाजी म्हणाले, "बास."

साहेब चिंध्यांनी हात पुसत दाजींच्या जवळ गेले. मी घड्याळ द्यायला तिथंच उभा होतो, म्हणून ऐकू आलं. हळूच विचारलं त्यांनी, "कोणता खांदा, मिस्त्री?"

दाजींनी आधी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मी सांगितलं नव्हतं. मग ते खाली बघत म्हणाले, "उजवा, साहेब. पोळ्यापासनं." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा, चारचौघांत, त्यांनी डाव्या हातानं आपला उजवा हात धरला. लेकराला धरावं तसा.

साहेबांनी खिशातून यादी काढली, तिच्यावर काही लिहिलं की खोडलं ते मला दिसलं नाही. जाताना एवढंच म्हणाले, की मधला पाना घ्या, त्याला तेलच पाजा, आणि शेवटची ओढ यापुढं तरण्या पोरांनी द्यायची. 'बास' मात्र मिस्त्रीच म्हणतील. टोकन खोलीचा विषय निघाला नाही. दाजींनी पुढं सहा हंगाम 'बास' म्हटलं, आणि त्या सहा हंगामांत शेडमधल्या एकाही पोराला त्यांच्या आधी हात थांबवून दाखवता आला नाही. साहेबांनाच काय ते एकदा जमलं.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं एकाच सायकलवरून घरी निघालो. एरवी चालवणार दाजी आणि मी मागं. फाटकाबाहेर आल्यावर त्यांनी काही न बोलता हँडल माझ्याकडं दिलं आणि मागं बसले. कालव्याच्या कडेनं, दोन्ही बाजूंना तोडणीला आलेला ऊस. वाटभर ते माझ्या पायडल मारण्याला नावं ठेवत होते, साखळी सैल आहे म्हणत होते, बी.ए.ला सायकलही शिकवत नाहीत का म्हणून विचारत होते. चढाला मला धाप लागली तेव्हा मात्र ते गप्प झाले. त्यांची पकड अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक होती. पण माझा शर्ट त्यांनी मागून धरला होता तो इतका हलका, की धरला आहे की नाही हे बघायला मी दोनदा मागं वळलो.